तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

ता. ३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू रागावली आहेस हे ठाऊक असून लिहितोय. अडला हरी म्हण हवं तर. बाबांची लाल दोन सीटांची गाडी विचित्र आवाज करू लागली आहे. इंजिनात कोंडलेला माणूस दार ठोठावतोय असं वाटतं. तीन मेकॅनिकांनी तीन रोग सांगितले. इंजिन ऐकायला तुझा कान त्यांच्यासारखाच आहे असं बाबा म्हणायचे, म्हणून तुला विचारतो. महिनाअखेरीस जुन्या गाड्यांची घाटातली शर्यत आहे. मी नाव देऊन बसलोय आणि सासरेबुवा खास बघायला येणार आहेत.

बाबा गेल्यावर गॅरेजचं कुलूप तोडून गाडी नेली ते जरा घाईत झालं. पण मोठ्या मुलाचा हक्क असतो, आणि असली गाडी बाईमाणसाला झेपत नाही, हे तूही समजून घे.

उत्तर लवकर धाड. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

ता. ७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हरी तू, म्हणजे गाढव कोण ते कळलं. चालेल.

कुलूप घाईत तुटतं हे मला नवीन आहे. त्या इंजिनाचा एकेक नट मी बाबांबरोबर आवळलाय. तू कधी बोटाला ग्रीस लागू दिलं नाहीस. राग गेलेला नाही. याचा वचपा काढल्याशिवाय मी राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता आवाजाचं. थंड असताना जास्त येतो की तापल्यावर? हलकी टिकटिक आहे की जड ठकठक? चढावर वाढतो का? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लाव, मूठ कानाला लाव आणि ऐक. मग रबरी हातमोजे घालून, इंजिन चालू ठेवून, एकेका प्लगची वायर काढून बघ. कुठल्या सिलिंडरची काढल्यावर आवाज बसतो ते कळव.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरची माया तूर्त बाजूला ठेवली आहे.

ठमी

ता. १२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तापल्यावर येतो, जड आहे, चढावर वाढतो. तिसरी वायर काढली की जवळपास गप्प. हातमोजे सापडले नाहीत म्हणून तसाच हात घातला आणि सणसणीत झटका बसला. तुझी वहिनी पोट धरून हसत होती. औषध काय ते कळव.

दादा

ता. १५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचं बेअरिंग गेलंय. गाडी आजच बंद कर. खालचा चेंबर उतरवून बेअरिंग बदललं तर इंजिन वाचेल. तशीच पळवलीस तर रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येईल. शर्यतीत उतरू नकोस. मुद्दाम लाल शाईनं लिहिलं आहे.

ठमी

ता. २० मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझा डाव ओळखला. वचपा काढणार असं तूच लिहिलं होतंस. गाडी घरी बसावी आणि सासऱ्यांसमोर माझं हसं व्हावं, एवढंच तुला हवंय. चौथा मेकॅनिक म्हणाला, काही मोठं नाही, वरचे टॅपेट वाजतायत, जाड तेल घाला. घातलं, आवाज कमी झाला. आता शर्यत जिंकून तुलाच पेढे धाडतो.

तुझा,
दादा

ता. ३ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. तुला साधं खरचटलंही नाही हे वाचून बरं वाटलं, खरंच. रॉड घाटाच्या मध्यावर बाहेर आला आणि कडेला उभ्या सासरेबुवांच्या पांढऱ्या कपड्यांवर तेल उडालं, हे तिनं इतकं रंगवून लिहिलंय की मी दोनदा वाचलं.

इंजिनासाठी मात्र मी रडले. बाबांचे हात लागलेला तो ब्लॉक पुन्हा उभा राहील की नाही, सांगता येत नाही. गाडी तू भंगारात काढतोयस म्हणे. काढू नकोस. मी टेम्पो धाडते आहे. किल्ली वहिनीनं स्वतःकडे घेऊन ठेवली आहे, तेव्हा आडवा येऊ नकोस.

मी फसवलं असं तू वहिनीला म्हणालास. माझ्या पत्रांत एक अक्षर खोटं नाही. पण मी डावीकडे म्हटलं की तू उजवीकडे वळतोस, हे मला लहानपणापासून पाठ आहे. गाडी वाचवायचीच असती तर मी लिहिलं असतं, काही झालेलं नाही, खुशाल पळव. त्याच दिवशी तू गाडी गॅरेजात ढकलून शटर ओढलं असतंस.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवू नकोस.

ठमी