टाइल्स सरकतात म्हणून

कोलोन,
१७ जून २०१८

प्रिय वसुधावहिनींस,
नमस्कार.

तुम्ही नाशिकला परत गेल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. शाळेतली नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. इथे उन्हाळा आहे, मी ठीक आहे, कामही बरं चाललंय. पण माझं डोकं फिरलंय, आणि ते तुम्हालाच सांगायला हवं.

आपल्या मंडळाच्या वेबसाइटसाठी मी फोटो-गॅलरीचं प्लगइन लिहिलं. तयार मिळतात ती सगळे फोटो एकाच मापात कापतात आणि ग्रुप-फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या बायकांची डोकी उडवतात. माझ्या गॅलरीत उभा फोटो उभाच राहतो, आडवा आडवाच, आणि लहानमोठ्या टाइल्स एकमेकींना घट्ट बसतात. एक फोटो काढून टाकला की बाकीचे आपोआप सरकून जागा भरतात. हे सरकणं जमवताना माझे कितीतरी रविवार गेले, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

गेल्या रविवारी कमिटीला दाखवलं. विलासकाकांना स्वतःची टाइल लहान वाटली, ते अपेक्षितच होतं. मीटिंग संपल्यावर दादाने मला बाजूला घेतलं.

"ऊर्मी, नवा डाटेनशुट्झचा, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा, कायदा आलाय. वसुधाची लेखी परवानगी नाही आपल्याकडे. तिचे फोटो काढून टाक. तुझ्या टाइल्स सरकतात ना? बरोबर, मग कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

बाकी सगळ्यांची परवानगी याने दारात उभं राहून, चहा पिता पिता घेतली. तुम्हाला विचारायचं म्हटलं तर म्हणे, "तिला आता कुठे गाठायचं?" जसं काही नाशिकला फोनच नाहीत.

वहिनी, तुम्ही नाहीत असा आपल्या गणपतीचा फोटो शोधून सापडत नाही. मुलांची नाटकं तुम्ही बसवलीत, हॉलसाठी तिथली देखभाल बघणाऱ्या त्या खडूस हाउसमाइस्टरशी तुम्ही भांडलात. दादा भाषणापुरता कोट घालून यायचा. अध्यक्ष मात्र तोच.

तरी घरी येऊन मी करून पाहिलं. तुमचे फोटो लपवले. टाइल्स सरकल्या, पान नीट भरलं, कुठे फट नाही. तुम्ही कधी या गावात नव्हताच, असं वाटावं इतकं चांगलं दिसत होतं. मीच लिहिलेलं ते. मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की सगळे फोटो परत लावून लॅपटॉप बंद केला.

खरं कारण लिहायचं मी टाळतेय. बाहेरून तुमच्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं. दादा ऑक्टोबरमध्ये लग्न करतोय. शुभा तिचं नाव, येना शहरात विद्यापीठात संशोधन करते. बाई वाईट नाही. ती साइट बघेल, म्हणून ही साफसफाई. त्याने खुशाल लग्न करावं, घटस्फोट रीतसर झालाय. पण मंडळ म्हणजे याच्या घरचं कपाट नव्हे, नको ते काढून टाकायला. आणि कायद्याच्या आड कशाला लपतो?

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "दादा, चेहरा वहिनींचा आहे. त्या म्हणाल्या तर काढीन, तुझ्या सांगण्यावरून एकही नाही."

"तू माझी बहीण आहेस की तिची?" एवढं म्हणून तो निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

म्हणून ईमेल सोडून हे पत्र. सोबत परवानगीचा कागद ठेवलाय. फोटो राहावेत असं वाटत असेल तर सही करून पाठवा. इथे कागदावरच्या सहीपुढे अध्यक्षाचंही चालत नाही. नको असतील तरी मोकळेपणाने लिहा. मग मी स्वतः एकेक उतरवीन आणि तुम्हाला कारण विचारणार नाही.

खाली 'तुमची नणंद' लिहायला घेतलं होतं आणि हात थांबला. ऑक्टोबरनंतर मी तुमची कोण लागते, मला ठाऊक नाही. मला ते नातं हवं आहे. पण त्यालाही तुमचीच परवानगी लागेल. ती येईपर्यंत, नुसतीच

ऊर्मिला