उपाशी तुकडा आणि गोठ्याचं दार

तीर्थरूप मामांस,
भाचीचा, चिखलाचे हात धुऊन, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गाईची भूक, तिन्हींची खुशाली कळवावी. (गाईची फारशी काळजी नाही, गेल्या खेपेस तिने माझी अर्धी वही खाल्ली.) मी बरी आहे, म्हणजे परवा नव्हते, आज आहे.

तुमच्या भातखाचरात चार तुकडे आखून मी तीन वर्षं प्रयोग करतेय: एकाला शेणखत, दुसऱ्याला गोणीतलं खत, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला काहीच नाही. मातीत स्फुरद (आमच्या पुस्तकात फॉस्फरस) असतं, पण लोह त्याला असं धरून बसतं की पिकाच्या तोंडी पडत नाही. ते कोणत्या खताने सुटतं, एवढंच मला शोधायचं होतं. परवा निकाल आले. सगळ्यांत जास्त मोकळं स्फुरद कुठे, तर चौथ्यात! ज्याला पाण्याशिवाय काही दाखवलं नाही, त्यात! आमच्या बाईंनी (माझ्या मार्गदर्शक, हसल्या तर प्रयोगशाळेत बातमी होते) चष्मा काढून विचारलं, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का? मी माती पुन्हा तपासली, मग तिसऱ्यांदा. चौथा तुकडा ढिम्म, पहिला नंबर सोडेना. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत कारण सांग, नाहीतर तीन वर्षं चिखलात गेली समज. (तशी ती गेलीच होती, पण ते असो.) मी रडले हो मामा, अगदी तराजूवर डोकं ठेवून.

आणि काल तुमचं पत्र आलं. गुडघा, गाय, पाऊस असं सगळं झाल्यावर शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की बाकीचे तिघं जेवतात आणि चौथा बिचारा नुसता बघतो, हे मामींना बघवत नाही, म्हणून पहिल्या वर्षापासून त्या त्याला अधूनमधून टोपलीभर शेणखत आणि मूठभर गोणीतलं भरवतात! मी कपाळावर हात मारला आणि लगेच उडी मारली. कारण बाकीच्यांना मी हंगामात एकदाच पोटभर वाढत होते. मामींनी लेकराला भरवावं तसं घासाघासाने दिलं, आणि बहुधा म्हणूनच स्फुरद सुटत राहिलं. बाईंना सांगितलं, तर त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, तुलनेला बिनखताची माती बांधापलीकडून घेऊ, आणि हा आपला चौथा नवा प्रकार. फक्त किती आणि केव्हा घातलं ते नेमकं हवं, अंदाजपंचे चालणार नाही.

मामींना रागावू नका. त्यांना नमस्कार, गाईला थोपटणं.

तुमचं,
ढेकूळ

ता. क. मामी कुणालाही काही दिलं की गोठ्याच्या दारावर कोळशाने तारीख घालून जितकं दिलं तितक्या रेघा मारतात. (गाईची पेंड, कोंबड्यांचे दाणे, मला दिलेले फटके, सगळं तिथे आहे.) ते दार म्हणजे आता माझा प्रबंध आहे. आणि तुमच्या पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय, रविवारी दार रंगवायला काढतोय. मामा, रंगवू नका!

आणखी एक ता. क. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र घेऊन मी स्वतःच निघालेय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी दारापुढे हात पसरून उभी असेन. रंगाऱ्याला सांगा, ढेकळाला रंग लागला तरी चालेल, दाराला नको.