दक्षाच्या घरची वास्तुशांत

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो. आज नातीनं दक्षयज्ञाची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला, तिला उद्यावर ढकललं आणि हे लिहायला बसले. ती गोष्ट मी फक्त तुमच्याकडूनच ऐकलेली आहे. कंपनीत तुम्ही टाइमकीपर, पण श्रावणात संध्याकाळी चिंचवडच्या देवळात पोथी सांगायला बसायचात. दक्षानं यज्ञ मांडला, झाडून साऱ्या देवांना बोलावलं, फक्त लेक आणि जावई वगळले. सती न बोलावता गेली, बापानं भरल्या मांडवात तिच्या नवऱ्याची निंदा केली आणि तिनं तिथंच देह जाळला. इथं तुमचा आवाज भरून यायचा. "बाप चुकला, बायांनो," म्हणायचात, "लेक जळत असताना दिलेली आहुती कुठल्या देवाला पोचायची?" बायका पदरानं डोळे पुसायच्या. मीही पुसलेत.

आणि ह्यांना आपल्या घरी कुणी आणलं? तुम्हीच. तुमच्याच कंपनीतले वेल्डर, पिंपरीच्या वस्तीतले, बौद्ध. "त्या पोराचा सांधा बोटाला लागत नाही," असं आईला कौतुकानं सांगायचात. नव्या घराच्या खिडक्यांचे गज त्यांनी बसवले. वास्तुशांतीला लोखंडी होमकुंड हवं म्हणालात, तेही त्यांनीच केलं, सुट्टीच्या दिवशी, तुमच्या शब्दाखातर. तेव्हा जात आडवी आली नाही. आम्ही पुण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं, त्या दिवशी आली.

वास्तुशांतीचं मला कळलं ते कारखान्यात. मी रेडिओ जोडायच्या टेबलावर, शेजारची म्हणाली, "गुरुवारी तुझ्या वडिलांकडे वास्तुशांत ना गं? आम्हाला आवतण आहे. तू तर सकाळीच जाशील." मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. "बोलावलं नाही तिथं कशाला जायचं?" एवढंच म्हणाले. मग माझं तोंड बघून, "बरं, चल. सायकलवर सोडतो. मी फाटकापाशी थांबेन."

होम चालू आहे. तुम्ही सोवळं नेसून पाटावर बसलाय, अंगण पाहुण्यांनी भरलंय. मी पायरीवर दिसताच तुम्ही माझ्याशी बोलत नाही, दादाशी बोलता. "त्याला म्हणावं, फाटकाच्या आत पाऊल टाकू नको. सगळं बाटेल." भर लोकांत, ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी म्हणाले, "आप्पा, तूप ओतताय ते कुंड त्यांनी केलंय. ते नाही बाटलं?" गुरुजींची पळी हातातच राहिली. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, चालू ठेवा." आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उठली होती. तुम्ही तिच्याकडं नुसतं पाहिलंत. ती खाली बसली.

मी काही सती नव्हते. चपला घातल्या आणि बाहेर आले. हे सायकल धरून उभे होते, सगळं ऐकलेलं. वाटेत ह्यांनी विचारलं, "कुंड वाकलं नाही ना गं जाळानं? एक कोपरा घाईत केला होता." त्या प्रश्नानं माझ्या अंगाची लाही झाली, आणि तो राग मी ह्यांच्यावर काढला, आप्पा, तुमच्यावरचा.

पुढच्या श्रावणात तुम्ही पुन्हा पोथी सांगितलीत. दक्षयज्ञाचाच अध्याय. ऐकून आलेली मैत्रीण म्हणाली, आवाज तसाच भरून आला. कसा आला? कुणासाठी आला? कुंड घडवणारा ज्या फाटकाबाहेर उभा केलात, त्याच फाटकातून रोज जा-ये करून देवळात रडायला तुम्हाला जमलं कसं? दक्षाला निदान ठाऊक नव्हतं लेक काय करील ते. तुम्हाला अख्खी गोष्ट पाठ होती.

आता एक सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा दादा आमच्याकडं आला होता. "आप्पांनी बोलावलंय," म्हणाला. "दोघांनाही." हे पहिल्या शिफ्टला गेले होते. "आले की बघू," असं मी सांगून त्याला वाटेला लावलं. दुपारी हे आले, जेवले, आणि मी काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांनी हात धुतल्या धुतल्या सायकल काढली असती. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे कागद घरात ठेवता येणार नाहीत, ह्यांच्या हाती लागतील. त्यांना अजून वाटतं, तुम्ही बोलावलंच नाहीत.