पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

७ जानेवारी, लातूर
सकाळी अहमदपूरकडे. नवा पक्षकार बालाजी (यापुढे बा.), गूळपावडरचा कारखाना. प्रदूषण मंडळाची नोटीस आलीय : सांडपाण्यामुळे शेजारची विहीर नासली, खुलासा करा. तक्रार त्याच्या सख्ख्या चुलतीची. शेताला शेत लागून.

खड्डा पाहिला. मळीचं पाणी नुसत्या मातीत साठवलंय, खाली प्लास्टिकचा कागद नाही. "मुरूम हाय मॅडम, कडक हाय." मुरमातूनच पाणी मुरतं, म्हटलं.

विहीर पाहिली. तांबडं पाणी, कडेला फेस, आंबूस वास. वाद घालायला जागाच नाही.

काकू बांधावर उभ्या. वाटलं, आता उद्धार होणार. तर चहा केला. "आमच्या बालाजीच्या वकील का? मग बसा की." पुतण्यापुढे कप सरकवला : "पी. हापशाचं पाणी हाय, हिरीचं न्हाई. भिऊ नको."
तो प्यायला. मान खाली.

८ जाने.
बा.ला फोन. आधी खड्डा रिकामा करा, शेततळ्याचा कागद अंथरा, मग उत्तराचं बघू. "भर हंगामात? ऊस दारात येऊन पडलाय मॅडम." लोकांना वकिलाकडून औषध हवं असतं, पथ्य नको.
मंडळाचे लोक संक्रांतीनंतर पाण्याचा नमुना घ्यायला येणार. मंडळाने काकूंनाही तसं कळवलंय.

१३ जाने., नांदेड
भोगी. ताईकडे जेवले. बाजरीची भाकरी जास्त झाली.
दुसरा एक पक्षकार, बिलोलीचा खाणवाला, ताईच्या दारात हजर. आधी सुरुंग, परवानगी नंतर, असा त्याचा बेत. परवानगी हातात घेऊन ये म्हणून परत पाठवला. ताई म्हणे, सणाच्या दिवशी तरी गोड बोलावं. तिळगूळ उद्या आहे, म्हटलं.

१६ जाने.
नमुना घेतला. आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

विहिरीत तळाचा खडक दिसत होता. निवळशंख पाणी. मंडळाच्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "तक्रार याच विहिरीची ना?" काकू : "हाव, हीच." ठेवणीतलं लुगडं, हातात तिळगुळाची वाटी. त्याने बाटल्या भरल्या, सील केल्या, तिळगूळ खाऊन गेला.

गाडी गेल्यावर मी विचारलं, पाणी एवढं स्वच्छ कसं. काकूंना अभिमान : "परवा हीर उपसली. गाळ काढला, वरच्या बोअरचं पाणी सोडलं, तुरटी फिरवली. सायबलोक येनार, त्यांना काय घाण दाखवावी?"

म्हणजे तक्रार यांची, आणि पुरावा यांनीच धुऊन काढला. पाहुणे येणार म्हणून.

बा. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी काही बोलले नाही. मी त्याची वकील, त्यांची नाही. परतताना गाडीत रेडिओ लावला नाही.

२ फेब्रु.
अहवाल आला. पाणी उत्तम. बा. पेढे घेऊन ऑफिसात.
"आता लिहा मॅडम, इहीर स्वच्छ हाय, तक्रार खोटी हाय."
ते मी लिहिणार नाही. मी पाहिलीय ती विहीर.
"पण अहवाल तर खरा हाय न्हवं?"
त्या दिवसापुरता.
"तुमी नेमक्या कुनाच्या वकील?"
तुमचीच. म्हणून सांगते. पुढचा नमुना न सांगता घेतील, तेव्हा हा खुलासा तुमच्याच गळ्यात येईल. खड्ड्याला कागद घाला आणि उत्तरात तसं लिहू.
"दुसरे वकील लिहून देतेत मनं."
देतील, म्हटलं. दार उघडंच होतं.
पेढे तसेच टेबलावर. कारकुनाने संपवले.

५ फेब्रु.
बा.चा फोन नाही. पक्षकार जायचा असेल तर जाऊ दे. पण खड्डा आहे तिथेच आहे, आणि पाझर काही थांबत नाही.
गुडघ्याचं दुखणं कमी. जिना मात्र अजून नकोसा.

९ फेब्रु.
काकू ऑफिसात. एकट्या, एसटीने. पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. तांबडी.
"पुन्ना तसंच झालं. आता काय करू, सांगा."
मी म्हटलं, काकू, मी समोरच्या बाजूची. मला सांगता येत नाही. तुम्ही तुमचा वकील बघा.
"समोरची कशी? बालाजीच्या मनूनच आले की. परक्याकडं कामून जाऊ?"
दोनदा समजावलं. पटलं नाही. नियमाप्रमाणे बरोबर बोलले, पण तोंडाला चव राहिली नाही. विहीर उपसायला नको होती, हे एक वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

बाटलीला हात लावला नाही. बा.ला फोन केला : तुमची काकू माझ्याकडे बसलीय, घ्यायला या. तो म्हणाला, "येतो."

दुपारी आला. बाटली पाहिली. काकू म्हणाल्या, "बघ, तुझा काढा." तो हसला नाही. काकूंची पिशवी उचलली, बाटलीही उचलली. जाताना दारात थांबून मला विचारलं, "तो कागद टाकायचा तर खड्डा पूर्न रिकामा करावा लागंल?"
हो. गाळप बंद ठेवून.
"मंजी हंगाम गेला."
काही दिवसांचा.
तो गेला. खिडकीतून पाहिलं, काकूंना पुढच्या सीटवर बसवलं.

१२ फेब्रु.
खुलाशाची मुदत सोमवारी संपते. मसुदा टाईप करून ठेवलाय : खड्ड्यातून पाझर आहे, गाळप थांबवून कागद अंथरत आहोत, विहीर कारखान्याच्या खर्चाने उपसून देऊ. विहीर स्वच्छ असल्याचा उल्लेख नाही. बा.ला पाठवला. वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही.

संध्याकाळी काकूंचा फोन, कुणाच्या तरी मोबाईलवरून. काही विचारायचं नव्हतं. एवढंच सांगितलं, बालाजीने ती बाटली कारखान्यात आपल्या टेबलावर ठेवलीय. "फेक मनलं तर फेकीना."

मसुद्यावर बा.च्या सहीची जागा रिकामी आहे. शनिवारी ऑफिस उघडं ठेवणार.