न दाखवलेलं रीळ

मी, यादोराव दाजीबा सेलोकर, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शेती आणि त्याहून जास्त नाटकं लिहिणे, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही. छातीत पाणी होतं म्हणून डॉक्टर सांगतो, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोकं जाग्यावर आहे. ज्याला शंका असेल त्यानं माझ्या कोणत्याही नाटकातला प्रवेश विचारावा, सगळ्या पात्रांसकट म्हणून दाखवतो. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. पवनीच्या वकिलानं दोन पानी नमुना दिला होता. त्यात माझं मावेना, म्हणून ही वही घेतली.

कलम १. आसगावचं राहतं घर, परसातल्या विहिरीसह, माझी पत्नी रुखमा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. मुलं म्हणतील, आई एकटी कशाला, चल आमच्याकडे. ती जाणार नाही, उगाच विचारत बसू नका. एकावन्न वर्षं तिनं चुलीपुढे बसून माझ्या नाटकांच्या तालमी ऐकल्या आणि तिला एकही नाटक आवडलं नाही. म्हणायची, "तुमच्या नाटकात खरा माणूसच नाही येत जी." तेव्हा मला भयंकर राग यायचा. तिच्यानंतर घर दोन्ही मुलांचं, समान.

कलम २. माझी धानाची तीन एकर जमीन स्वकष्टाची आहे, वडिलोपार्जित नाही. त्यातली दोन एकर धाकटा मुलगा अमर याला, कारण चिखलात तोच उतरतो. थोरला मनिष मोटारसायकलनं वरठीला कारखान्यात जातो, त्याला पोस्टातली शिल्लक. मनिषला वाटेल बापानं डावं-उजवं केलं. वाटू दे. बोडीजवळच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याजवळच्या, तिसऱ्या एकराचं खाली कलम सहामध्ये लिहिलं आहे.

कलम ३. हार्मोनियम आसगावच्या नाटक मंडळाला. तिचा तिसरा सूर दाबला की वर येत नाही, तो माझ्या साडूनं बिघडवला, त्यानं आजवर कबूल केलेलं नाही. त्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. आमचा प्रॉम्प्टर तेजराम याला काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे. तसंही काही देणार नव्हतो. चाळीस वर्षं यानं नटाच्या आधी वाक्य म्हटलं आहे.

कलम ४. माझ्या नाटकांच्या सत्तावीस वह्या माझी नात टीना, मनिषची मुलगी, हिला. ती भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. या उन्हाळ्यात तिला तिथून काम दिलं होतं: युद्ध आणि चोरी दोन्ही असलेला एक सिनेमा घ्या आणि त्याची गोष्ट कशी रचली आहे ते लिहून आणा. तिनं एक जुना परदेशी सिनेमा निवडला, मोबाइल पाण्याच्या लोट्याला टेकवला आणि म्हणाली, "आबाजी, तुम्ही नाटकवाले ना, मले समजावून सांगा." पाच मिनिटांत मी ओळखला. हात्तिच्या, हा तर मी वरठीला फिरत्या टॉकीजच्या तंबूत पाहिलेला! सन एकोणऐंशी.

मग मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. अशा गोष्टीत युद्ध हा नुसता आडोसा असतो. सगळी दुनिया मरण्या-मारण्यात गुंतलेली, म्हणून चोराकडे कोणी पाहत नाही. इथे सहा शिपाई शत्रूनं मिठाच्या खाणीत लपवलेलं सोनं काढायला निघतात. आधी माणसं जमवायची आणि प्रत्येकाला एकच काम द्यायचं. दोघांना एक काम दिलं की गोष्ट सैल पडते. मग नकाशा. नकाशा प्रेक्षकाला पूर्ण समजावून सांगितला की समजा बेत फसणार. अर्धाच सांगितला तर जमणार. या सिनेमात कोळशानं भिंतीवर पूर्ण काढून दाखवतात. मग वरून बॉम्ब पडत असताना, त्या आवाजात, आत शिरायचं. मग बिघाड. बिघाड आभाळातून पाडायचा नाही, आधी दाखवलेल्या वस्तूतूनच तो निघाला पाहिजे. इथे खाणीचं लोखंडी दार, सुरुवातीला एकदा कुरकुरताना दाखवलेलं. शेवटी वाटणी, आणि वाटणीला एक माणूस कमी. कोण कमी होणार ते पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. जो घरी पत्र लिहितो तो.

"बापरे आबाजी," टीना म्हणाली, "आमच्या सरले पण इतकं नाही सांगता येत." मी फुगलो. खोटं कशाला लिहू.

तो पत्र लिहिणारा सहावा शिपाई दार आतून लावून घेतो. बाकीचे पाच बाहेर, सोनं गाडीत, ते त्याला गद्दार म्हणत निघून जातात. "संपला," मी म्हणालो आणि उठलो. टीनानं हात धरून बसवलं. "कुठं जी, अजून बारा मिनिटं आहेत ना."

वरठीच्या तंबूत ती बारा मिनिटं दाखवलीच नव्हती. दुसऱ्या खेळाची गर्दी दाराशी उभी होती म्हणून आपरेटरनं शेवटचं रीळ चढवलं नाही. आम्ही समजलो, असाच शेवट असेल. त्या रिळात दिसतं की खाणीच्या पोटातून शत्रूचे शिपाई वर चढत होते, आणि ते गाडीपर्यंत पोचू नयेत म्हणून सहाव्यानं दार लावलं, एकटा आत राहून. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टीनाला वाटलं, आबाजी सिनेमा पाहून रडून राहिले.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचं नाही. वकील म्हणाला, असलं कलम मृत्युपत्रात नसतं. माझ्या मृत्युपत्रात आहे.

मोतीलाल निमजे हा माझा मित्र, हातमागावर विणणारा. नाटक मंडळात मी लिहायचो आणि तो नायक व्हायचा. एकोणऐंशीच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेसाठी, मंडळानं नवे रंगवलेले पडदे मागवले. ते रेल्वेनं वरठीला उतरले. आणायला आम्ही दोघं गेलो तेव्हाच तो सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी मी पडदे घेऊन ट्रकनं निघालो. मोतीलाल म्हणाला, "तू हो पुढं, मी आज परत पाहून येतो."

आभाळ भरून आलं होतं म्हणून पडदे शेजारच्या गावच्या एका राइसमिलच्या गोदामात उतरवले. आमच्याच मैदानावर मिलवाल्यानं आपलं भाड्याचं नाटक ठरवलं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मंडई चार दिवसांवर आली आणि तो गोदामाची किल्ली देईना. मग काय, सिनेमा डोक्यात ताजाच होता. भरदुपारी, मिल चालू असताना, तिच्या घरघरीच्या आड जायचं ठरलं. मी गाडीवाला, बैलगाडीत कोंड्याची पोती. मोतीलाल अंगानं बारीक, तो मागच्या शटरखालून आत. त्या शटरची स्प्रिंग तुटलेली होती, कोणी आतून खांद्यानं तोलून धरलं तरच ते वर राहायचं. भरल्या गाडीवर दोघं दिसू नयेत म्हणून त्यानं आत थांबायचं, पडदे बोडीच्या पाळीमागे, म्हणजे बांधामागे, उतरवून मी परत यायचं, शटरवर तीनदा थाप मारायची आणि त्याला घेऊन निघायचं. नकाशा दोघांनी पूर्ण समजून घेतला होता.

शेवटचा पडदा गाडीत पडला आणि मिलची तीन माणसं आतल्या दारानं गोदामात आली. मोतीलालला बाहेर सरकता आलं असतं. पण शटरला आतून कडी राहिली नसती आणि ते तिघं शटर उचलून गाडीवर आले असते. तो ओरडला, "यादो, हाण गाडी! मी लावतो शटर!" त्यानं शटर खाली ओढलं आणि कडीत स्वतःचा उजवा हात अडकवला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, शटरच्या फटीतून डोळ्यांनी पाहिलं. मी बैल हाकले. पाळीपर्यंत मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. ते रॉडनं त्याचा हात ठेचत होते.

मी परत गेलो नाही. जाता आलं असतं. भ्यालो.

गावानं विचारलं, मोती कुठं आहे? मी सांगितलं, "त्यानं आतून शटर लावून घेतलं." इतकंच. पुढचं गावानं रचलं. मोती मिलवाल्याला फितूर झाला, म्हणून माणसं बरोबर वेळेवर आली. मग हात कसा मोडला? तर म्हणे त्यांच्यातच भांडण झालं. मी ऐकत राहिलो. मी एक शब्द खोटा बोललो नाही. मी शेवटचं रीळ दाखवलं नाही.

मोतीलालची तीन बोटं कायमची गेली. मागावर धोटा फेकता येईना, मग दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून त्यानं जन्म काढला. त्याची बायको शेवंताबाई हिला तेव्हा लग्न होऊन सहा महिने झाले होते. आणि मी काय केलं? पुढच्या वर्षी त्यावर नाटक लिहिलं. "दरवाजा कोणी लावला?", तीन अंकी. गद्दार आतून दार लावतो आणि पडदा पडतो. साकोलीपासून नाकाडोंगरीपर्यंत ते तीस वर्षं चाललं. लोक गद्दाराला शिव्या घालत उठायचे आणि मी आत उभा राहून खूश व्हायचो. गावातली पोरं मोतीलालच्या मागं "दरवाजा, दरवाजा" ओरडत पळायची. पहिल्या प्रयोगाला तो सगळ्यात मागं बसला होता. जाताना म्हणाला, "चांगलं लिहिलं यादो. पण शेवट राहून गेला." मला वाटलं, टीका करून राहिला. महिनाभर बोललो नाही त्याच्याशी.

मागच्या मार्गशीर्षात तो गेला. मी सिनेमाचा शेवट पाहिला तो यंदाच्या वैशाखात. पाच महिने उशीर झाला असं म्हणायचीही सोय नाही, कारण खरा शेवट मला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

म्हणून पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो: मोतीलाल निमजे फितूर नव्हता. शटर त्यानं आमच्यासाठी लावलं. पळालो तो मी.

कलम ६. बोडीजवळचा एक एकर, जो मी "दरवाजा कोणी लावला?" च्या मानधनातून घेतला, तो श्रीमती शेवंताबाई मोतीलाल निमजे यांना. — हे कलम रद्द केलं आहे. कारण पुरवणीत.

कलम ७. त्या नाटकाचा चौथा अंक मी लिहिला आहे, या वहीच्या शेवटी जोडला आहे. यापुढे कोणत्याही मंडळानं ते नाटक त्याच्याशिवाय करू नये. केलं तर टीनानं हरकत घ्यावी, वह्या तिच्या आहेत.

इथपर्यंत लिहून अमरला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. मग विचारतो, "बाबा, हे तुम्ही गेल्यावरच निघन ना?" हो म्हणालो. "मंग ठीक आहे," म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

पुरवणी. तेजरामला सोबत घेऊन मी शेवंताबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. कलम पाच आणि सहा वाचून दाखवलं. त्यांनी मान वर केली नाही, हात मात्र थांबला.

"हे लोक कवा ऐकतीन, भाऊजी?"

"मी गेल्यावर, वहिनी. मृत्युपत्र आहे ना."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे याही वेळी तुम्ही गाडी हाणून मोकळे. लोक विचारतीन तवा तुम्ही नसानच."

मी वही मिटली आणि सवयीनं तेजरामकडे पाहिलं. तेजरामजवळही पुढचं वाक्य नव्हतं.

"सिनेमाचा तो शेवट मले तवाच माहीत होता," त्या म्हणाल्या. "ते दुसऱ्या दिवशी परत पाहाले गेले होते ना वरठीले, तवा पुरा दाखवला. घरी येऊन सारा सांगतला. हात मोडून आले तवा म्हणलं, गावाले सांगा जी. त म्हणे, मी सांगतलं त कोण मानन? यादोनं सारं ऐकलं आहे, यादोच सांगन एक दिवस. सेहेचाळीस वर्षं झाली त्याले." मग म्हणाल्या, "जमीन नोको मले. त्या नाटकाचा तांदूळ मी कायले खाऊ? मले साक्षीदार करा. त्यायले एकही भेटला नाही."

वकिलाचं सांगणं असं की ज्याला मिळतं त्याला साक्षीदार करू नये. म्हणून कलम सहा रद्द. तो एकर रुखमाच्या नावे.

आणि म्हणून हे मृत्युपत्र पाकिटात बंद राहणार नाही. यंदाच्या मंडईला, भरदुपारी, गाव जमलेलं असताना, मी ते लाउडस्पीकरवर स्वतः वाचीन आणि मगच सही करीन. अमर म्हणतो, "गाव थुंकन बाबा तुमच्यावर." मनिषनं फोन ठेवून दिला. नातवंडांची लग्नं व्हायची आहेत, हे मला कळतं. मला भीतीही वाटते, अगदी त्या दिवशीइतकीच. रुखमानं माझा सदरा धुऊन ठेवला आहे. म्हणाली, "हे ऐकाले मी पुढं बसीन जी."

स्थळ: मंडईचं मैदान, आसगाव
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार:
यादोराव दाजीबा सेलोकर (सही)

साक्षीदार १:
तेजराम, प्रॉम्प्टर, आसगाव (सही)
वाचताना यादोराव दोनदा थांबले. मी पुढचा शब्द सांगितला नाही. त्यांचे त्यांनी वाचले.

साक्षीदार २:
शेवंताबाई मोतीलाल निमजे (सही, अंगठा द्यायला नाही म्हणाल्या)
माह्यासमोर वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.