माझं बटन दाबू नका

२८ ऑक्टो., सोमवार

अर्ज भरले. आधी ह्यांचा, मग माझा. माझा नेहमीसारखा डमी. ह्यांच्या कागदांत काही खोट निघाली आणि अर्ज बाद झाला तर घरातलं एक नाव उभं असावं, एवढ्यासाठी. बबनने जिथं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. हे जि.प.त होते तेव्हापासून ह्यांचं सगळं तोच बघतो. उमेदवाराला शपथ घ्यावी लागते. अधिकारी म्हणाले, "वाचता येईल ना ताई?" बी.ए. आहे मी. हो म्हटलं.

ह्यावेळी पक्षाने तिकीट दिलं नाही. जागा मित्रपक्षाला सुटली. दोनदा निवडून आलेल्या आमदाराला साधा फोन नाही, टीव्हीवर कळलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अपक्ष लढतो. लोकं आहेत आपल्यापाशी." आज होते लोक. डफडी, गुलाल. चहा करून करून हात भरून आले.

३० ऑक्टो.

छाननी झाली. दोन्ही अर्ज पास. आधी पक्षाचं पत्र असायचं, ह्यांचा पास झाला की माझा तिथंच आपोआप बाद. तिन्ही निवडणुकांत तसंच झालं, मला परत कचेरीची पायरी चढावी लागली नाही. आता दोघंही अपक्ष. वकील म्हणाले, वहिनींना चार तारखेला तीनच्या आत येऊन माघार घ्यावी लागेल. बबन म्हणाला, हो हो.

त्याचं लक्ष विलासकडे. ह्यांनीच त्याला पंचायत समितीचा सभापती केला, आता तोही अपक्ष. तो राहिला तर आपल्याच पट्ट्यातली मतं खाणार. ह्या दिवाळीत घरात फराळापेक्षा विलासच जास्त.

४ नोव्हें., सोमवार

सकाळीच आंघोळ करून हिरवी साडी नेसून बसले. आधार कार्ड पर्समध्ये. बबन काल सांगून गेला होता, "वहिनी, दुपारच्या आत तुमाले नेतो, सही करा, परत आणून सोडतो."

अकराच्या सुमारास गाड्या निघाल्या. सगळ्या विलासच्या गावाकडे. हे, बबन, वकील, ड्रायव्हर, सगळे. हे विलासच्या आईच्या पाया पडले म्हणे. एकदा बबनला फोन केला. मागे गलका चाललेला. "गाडी धाडतो वहिनी, बसा तुमी." बसले. भूक लागली तेव्हा पदर खोचून पोळी खाल्ली, साडीला डाग नको म्हणून.

विलास शेवटी तयार झाला. त्याला गाडीत मध्ये घालून, दोन्हीकडून माणसं बसवून कचेरीत नेलं. तीन वाजायच्या जरा आधी त्याची सही झाली. फटाके घरापर्यंत ऐकू आले. ते वाजत असतानाच वकिलांनी विचारलं म्हणे, वहिनी कुठं आहेत?

चार वाजता साडी बदलली.

५ नोव्हें.

"कचेरी काय अमरावतीले हाय का?" हे म्हणाले. "बाजारातून चालत जाता येते. गेली कावून नाही?"

"बबन गाडी धाडतो म्हणला."

"तो म्हणला आन तू बसली."

बसले. खरं आहे. लग्न झाल्यापासून मी गाडी आली की निघते. कुठं जायचं ते गाडीत बसल्यावर कळतं. हे ह्यांना बोलले नाही, इथं लिहिते.

चिन्हं मिळाली. ह्यांना कपाट, मला शिवणयंत्र. मशीनवर नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात. प्रभाकर, आणि लगेच खाली प्रमिला. आडनाव तेच. बबन डोक्याला हात लावून दारापुढच्या ओट्यावर बसला होता. त्याला चहा दिला.

७ नोव्हें.

पेपरात आलं. पतीसमोर पत्नीचे आव्हान. फोटो कुठल्या तरी उद्घाटनाचा, त्यात मी मागे उभी, अर्धाच चेहरा. अकोल्याहून प्राचीचा फोन. लेक हसत होती. "आई, तू सीरियस आहेस का?" म्हटलं, मी पालकाची भाजी निवडतेय. मग ती हसायची थांबली.

माझ्या नावाने पत्रक काढलं. मी माझे पती यांना जाहीर पाठिंबा देत आहे. सही केली. बबनने बोट ठेवलंच होतं.

११ नोव्हें.

चार गावं. बायांच्या सभा. भाषण बबनने बसवून दिलं. कपाटाचं बटन दाबा. शिवणयंत्राचं दाबू नका, ते माझं आहे, चुकून राहिलं आहे. मग हात जोडायचे. पहिल्या गावात बाया हसल्या. दुसऱ्यातही हसल्या. तिसऱ्या गावात एक म्हातारी अगदी पुढे बसली होती.

"मंग उभी कावून राह्यली, बाई?"

म्हटलं, अर्ज मागे घ्यायचा राहून गेला.

"कोनाचा?"

"माझाच."

"आन इसरलं कोन?"

बबनने माईक घेतला.

शेवटी रमाईनगर. सुनीता दिसली, तिथली आशाताई. हे अधिवेशनाला मुंबईला गेले की तिचे फोन मीच घ्यायचे. दवाखान्यात खाट नाही, बाळंतिणीला गाडी नाही. मग मी डॉक्टरांना लावायचे, आमदारसाहेबांच्या घरून बोलतेय म्हणून. काम व्हायचं बहुतेक. आज ती मागे भिंतीला टेकून ऐकत होती.

१६ नोव्हें.

घसा बसला. माझं बटन दाबू नका, दाबू नका. फोडणी घालतानाही तोंडात तेच येतं. हे पुढच्या जीपमध्ये, मी मागच्या गाडीत. घरात बोलणं म्हणजे मीठ, गोळी, फोन कुणाचा होता. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

२० नोव्हें.

सकाळीच मतदान केलं. पेपरवाल्यांनी दोघांची शाई लावलेली बोटं शेजारी शेजारी धरायला लावली. हे हसले. मीही हसले असणार, फोटोत दिसतंय. दिवसभर बबनला फोन. "म्हाताऱ्याईले दिसत नाही भाऊ, आडनाव पाहून दाबून राह्यल्या." संध्याकाळी हे म्हणाले, "होऊन जाईन." कुणाला म्हणाले कळलं नाही. खोलीत मीच होते.

२३ नोव्हें., शनिवार

पडले.

सुरुवातीला पुढे होते. ओट्यावर गुलालाच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या. मग थोडे मागे, मग आणखी थोडे. शेवटच्या फेरीनंतर कुणीतरी मोबाईलवर वजाबाकी करून पाहिली. हे ज्या फरकाने पडले त्याहून माझी मतं जास्त.

मी आत होते. भज्यांचं पीठ कालवून ठेवलेलं, तेल तापलेलं. गॅस बंद केला. वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पिठाचं काय करायचं एवढंच डोक्यात.

एकेक जण आत येऊन ह्यांना नमस्कार करून गेला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. बबननेही नाही.

२५ नोव्हें.

सकाळी ओट्यावर चपला नाहीत. आमदार झाल्यापासून उजाडायच्या आत माणसं येऊन बसायची, बदली, बोअर, पोराचा दाखला. आज फक्त दूधवाला. हे तरीही कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बाहेर खुर्चीवर बसले. बारापर्यंत बसले. मग आत येऊन झोपले.

१ डिसें.

प्राची दोन दिवस राहायला आली. मोबाईलवर एक पान दाखवलं, निवडणुकांचा हिशोब असतो त्यात सगळ्या उमेदवारांचा. ह्यांचं: लढवल्या चार, जिंकल्या दोन. म्हणाली, आता तूही आहेस बघ. होते. लढवली एक, पराभूत, अनामत जप्त. आमच्या अख्ख्या आयुष्याचं पान, वर सरकवलं की संपतं.

जाताना बॅग भरता भरता म्हणाली, "आई, त्या दिवशी तू मुद्दाम गेली नाहीस, असं तर नाही ना?"

विचार केला. अगदी खरोखर केला. म्हटलं, नाही गं. मुद्दाम काही करायची मला सवयच नाही.

"बाबा तसं म्हणतात."

मला नाही म्हणाले कधी. तिला म्हणाले. फार लागलं ते.

१७ डिसें.

सुनीता आली. तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या पिशवीभर. ओट्यावर बसलो सोलत. थोड्या वेळाने म्हणाली, "वहिनी, एक सांगू का? राग नका मानू. आमच्या नगरातल्या बायाईनं शिवणयंत्र चुकून नाही दाबलं. ठरवून दाबलं."

"कावून?" माझ्या तोंडून एकदम माहेरचं आलं.

"सारे येतात ते मले द्या, मले द्या करत येतात. देऊ नका म्हननारी पह्यलीच पाह्यली. आन माह्या सासूले खाट कोनं मिळवून देल्ली? भाऊ तं मुंबईले होते."

मी म्हटलं, "अगं, त्यानंच हे पडले."

"मालूम हाय," ती म्हणाली, आणि सोलत राहिली.

उठून आत गेले, पाणी प्यायले. आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते पण झाला. ज्या मतांनी नवरा पडला त्या मतांचा. असा आनंद शेवटचा कधी झाला होता आठवत नाही, प्राची झाली तेव्हा असेल.

हे आतल्याच खोलीत होते. दार उघडं. ऐकलं असणार. संध्याकाळी त्याच दाण्यांचा सोले भात केला तर म्हणाले, भूक नाही.

६ जाने.

नगरपरिषदेच्या निवडणुकीची हवा सुरू झाली. अध्यक्षपद बायांसाठी सुटेल म्हणतात. बबन आता विलासकडे असतो, पण आधी त्याच्यासोबत आपल्याकडे असायचे त्यांतले दोघं जण आज आले. फाटकातून विचारलं, "वहिनी आहेत काय?"

हे समोरच पेपर वाचत होते. "आहे," म्हणाले. पेपर खाली केला नाही.

ते म्हणाले, वहिनी, तुमच्या नावावर काहीच न करता एवढी मतं पडली, केलं तर काय होईल? मी म्हटलं, ह्यांना विचारा.

"भाऊले काय इचारायचं, ते हो म्हनतीन."

ह्यांनी पान उलटलं. चहा पिऊन ते गेले. कपबश्या उचलताना पाहिलं, पेपर कालचा होता.

१९ जाने.

दुपारी जेवताना. ज्वारीची भाकरी, मेथी. हे म्हणाले, "एक इचारू?" निकालापासून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलले. खूप थकलेत. दाढीचे खुंट सगळे पांढरे.

"इचारा."

"तू कोनाले देल्लं?"

ह्यांनाच दिलं होतं. कपाट शोधलं, दाबलं, काचेतून चिठ्ठी पडताना दिसली, बाहेर आले. खालचं नाव माझं आहे, हे त्या पेटीपुढे मला आठवलंसुद्धा नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. मिटलं असतं सगळं. भाकरी गोड लागली असती ह्यांना. मलाही बरं वाटलं असतं कदाचित. दोन महिने ज्याची वाट पाहिली तो प्रश्न हाच.

"ते गुप्त असते," मी म्हटलं.

हे बघत राहिले. मी पण बघितलं. मग ताट पुढे सरकवून म्हणाले, "वाढ." भाजी वाढली.

नगरपरिषदेवाले उद्या परत येणार आहेत. त्यांना काय सांगायचं ते ह्यांनी मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.