इंदूचा हुंकार

जठारपेठ, अकोला
ता. ९ मार्च १९६५

चि. सौ. मनकर्णा हिला सासऱ्याचा जयभीम व आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. धर्मपालचा खोकला थांबला असेल.

अमरावतीचे आठ दिवस मला केवढ्याला पडले ते आधी लिहितो. दोन ऑइल इंजिनं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली, सतरंजीवर बसून गुडघा सुजला, आणि चौदा बायांत एकटा पुरुष म्हणून मिशीची सारी ऐट उतरली. तू म्हणशील, आठ दिवस आमच्या गावात होते, मग घरी का नाही आले? सांगतो, थांब.

अमरावतीला दुर्गाबाई म्हणून एक मास्तरीण आहेत, त्यांच्या वर्गाला आलो होतो. तुझ्या लेकीसारखी, आपल्या इंदूसारखी न बोलणारी, आपल्याच नादात राहणारी मुलं कशी सांभाळायची ते त्या आयांना आणि शिक्षिकांना शिकवतात. पहिल्याच दिवशी मी उभा राहून म्हणालो, "बाई, मी इंजिन मिस्त्री. फाटकातून आवाज ऐकून कोणता पुर्जा गेला ते सांगतो."

"छान. मग इंदू कोणता आवाज करते?"

"नुसती हुं-हुं. काही अर्थ नाही त्याले."

"कधी करते? आधी काय होतं? मागून काय होतं?"

मी मिशी कुरवाळत खाली बसलो. बाया पदरात हसल्या.

घरी येऊन वही उघडली आणि तीन रकाने आखले: कधी, आधी काय, मागून काय. बाईंचा हुकूम असा की शिकवायचं नाही, नुसतं पाहायचं आणि लिहायचं. तिनं कान झाकले तर हात ओढायचे नाहीत. हे लिहिताना माझाच हात थांबला. दुकानात इंजिन सुरू झालं की मी तिचे हात खाली ओढत असे. तू मधे पडलीस तर तुलाच बोललो.

पण पाहायला बसलो आणि नादच लागला. हुंकार एक नाही, दोन आहेत! एक आखूड, एक लांब. आखूड कशाचा ते अजून शोधून राहिलो. लांब हुंकार तीन दिवसांत अकरा वेळा झाला, आणि 'मागून काय'च्या रकान्यात अकराही वेळा मीच लिहिलं होतं: पाणी प्याली.

धावत स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या सासूला एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं अर्धं, म्हणून ओरडूनच सांगितलं, "जाई, सापडलं! पोरगी पाणी मागते!"

"मंग? अकरा वेळा पाणी कोनं देल्लं?"

"तुले कसं समजलं? तुले तं ऐकूच येत नाही!"

"ओठ मिटून मान हालवते तवा पाणी द्या, असं मनकर्णानं जातानी दाखवून ठेवलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कधी? तुमी तं सांगतच राह्यता."

मनकर्णा, वर्गात पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, हे आईमुळं होत नाही, आई कमी बोलते म्हणूनही होत नाही. मी सतरंजीचे दोरे मोजत बसलो. धर्मपालची अमरावतीला बदली झाली तेव्हा चार माणसांत मी काय बोललो होतो ते तुला आठवत असेलच. "आईच घुमी, पोर काय बोलंन? पोर इथं राहू द्या, सहा महिन्यांत बोलती करून आणतो." वर्गाच्या त्या पाचव्या संध्याकाळी तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आत तू शेजारणीशी हसत होतीस. कडीला हात लावला आणि परत फिरलो. आधीचे चार दिवस ऐटीत आलो नाही, पुढं रोज तसंच केलं.

शनिवारी सकाळच्या मोटारीनं आम्ही तिघं येतो. इंदू आता तुझ्याजवळ राहील. वही आणतो, आखूड हुंकार कशाचा, ते तुलाच माहीत असेल. रागाव, पण दार उघड.

सहा महिने परवा पुरे होतात. इंदू अजून एक शब्दही बोललेली नाही.

तुझा चुकलेला सासरा,
शेषराव